तक्त्यातलं पुणे, तक्त्यातलं हैदराबाद

माझ्या भाच्याने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक एक्सेल शीट टाकली. त्याला नोकरी लागली आहे. कंपनीचं एक ऑफिस पुण्यात आहे, दुसरं हैदराबादला. पगार दोन्हीकडे सारखाच आणि शहर निवडायची मुभा त्याला दिलेली. मुलगा कोरपना तालुक्यातला, मराठी माध्यमातून शिकलेला, चंद्रपूरला इंजिनिअरिंग करून आलेला. आमच्या खानदानात असा निवडीचा प्रसंग पहिल्यांदाच आला. त्याने मन लावून तक्ता केला होता. डाव्या रकान्यात भाडं, मेस, वीज, इंटरनेट, प्रवास, ‘इतर’. उजवीकडे पुणे आणि हैदराबाद. खाली बेरीज. महिन्याला ३,९०० रुपयांनी हैदराबाद स्वस्त.

ग्रुपवर लगेच माशाअल्लाहचा पाऊस पडला. माझ्या दुल्हाभाईंचं गडचांदूरला वेल्डिंगचं छोटं दुकान आहे. त्यांच्या घरात ३,९०० रुपये ही हिशेबात धरायची रक्कम आहे. वर्षाचे जवळपास ४७ हजार. एका मामूने लिहिलं, ‘सवाल ही नहीं, हैदराबाद अपना शहर है.’ माझा एक पुण्यात स्थायिक झालेला मराठी मित्र, ज्याला मी तो तक्ता दाखवला, तो म्हणाला, ‘अरे, पुण्यात भाषा आपली, माणसं आपली, चार हजारांसाठी कशाला परराज्यात जातोस?’ दोघांचा ‘आपला’ वेगळा होता आणि दोघांनाही आपण काही चुकीचं बोललो असं वाटलं नाही.

मला त्या तक्त्याचा राग आला. मुलाचा नाही, तक्त्याचा.

भाच्याने आकडे आणले होते इंटरनेटवरून. शहरांची महागाई ताडून दाखवणाऱ्या वेबसाइट आहेत. तिथे लोक स्वतःच भाव भरतात. एका बेडरूमच्या घराचं भाडं इतकं, एक लिटर दूध इतक्याला, टॅक्सीचं भाडं इतकं. न्यूयॉर्कला १०० धरून बाकीच्या शहरांचे निर्देशांक काढतात. हे भाव भरतो कोण? ज्याला घर मिळालं तो. ज्याला मिळालं नाही तो काय भरणार? नकाराला भाव नसतो, त्यामुळे तो सरासरीत येत नाही. पन्नास घरं फिरून एकावन्नाव्या घरी जास्त डिपॉझिट देऊन राहिलेला माणूस आणि पहिल्याच फोनवर चावी मिळालेला माणूस या वेबसाइटला सारखेच.

राहणीमानाच्या मोठ्या क्रमवाऱ्यांचंही तेच. मर्सर नावाची एक सल्लागार कंपनी जगभरातल्या शहरांची यादी काढते. २०१९ च्या यादीत व्हिएन्ना पहिलं होतं आणि भारतातली शहरं पाहिली तर पुणे आणि हैदराबाद एकाच, १४३ व्या क्रमांकावर होती. म्हणजे आमच्या भाच्याचं कोडं मर्सरच्या लेखी बरोबरीत सुटलेलं. पण ही यादी बनते परदेशात बदलीवर पाठवल्या जाणाऱ्या साहेबांसाठी. त्यांना किती भत्ता द्यावा, हे कंपन्यांना ठरवायचं असतं. साहेबाला घर कंपनी देते. त्याच्या मुलांची शाळा कंपनी बघते. त्याला दारात उभं राहून नाव सांगावं लागत नाही. केंद्र सरकारने २०१८ साली ‘जगण्याची सुलभता’ मोजणारा निर्देशांक काढला, त्यात पुणे देशात पहिलं आलं. तेव्हा पेपरात पहिल्या पानावर बातम्या होत्या. कुणाचं जगणं सुलभ, हा प्रश्न त्या बातम्यांत नव्हता.

मी भाच्याला म्हणालो, ‘आधी भाड्याचा रकाना तपास. फोन लाव.’

त्याने लावले. हिंजवडीजवळ, वाकडला, बाणेरला. आवाज शुद्ध मराठी. आमच्या पोराचं मराठी ऐकून समोरचा खूश व्हायचा. ‘विदर्भातले का तुम्ही? हो हो, फ्लॅट आहे ना, संध्याकाळी या.’ मग शेवटचा प्रश्न, ‘नाव काय म्हणालात?’ नाव सांगितलं की अर्धा सेकंद शांतता. मग ‘मालकांना विचारून सांगतो.’ मालकांना विचारून कुणीच काही सांगितलं नाही. एका एजंटने मात्र प्रामाणिकपणे सांगितलं, ‘दादा, मला काही प्रॉब्लेम नाही, सोसायटीवाले ऐकत नाहीत. तुम्ही कोंढव्याला बघा ना, तिकडे तुमच्या लोकांना लगेच मिळेल.’ त्याच फ्लॅटसाठी भाच्याच्या रूममेटने, तो कुणबी घरातला, तासाभराने फोन केला. फ्लॅट रिकामा होता.

आता वाचणाऱ्यांपैकी काही म्हणतील, हा एखाददुसरा अनुभव. म्हणूनच सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाची आठवण करून देतो. थोरात आपल्याच विदर्भाचे, अमरावती जिल्ह्यातले, विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष. त्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत भाड्याच्या घरांसाठी फोन करवून आणि प्रत्यक्ष माणसं पाठवून पाहिलं. उच्चवर्णीय हिंदू नाव, दलित नाव आणि मुस्लिम नाव, बाकी शिक्षण-नोकरी सारखी. २०१५ साली तो अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला. उच्चवर्णीय नावाला दार उघडत गेलं, दलित नावाला काही ठिकाणी बंद झालं, मुस्लिम नावाला सर्वांत जास्त वेळा. आणि जिथे उघडलं तिथेही अटी वेगळ्या, भाडं जास्त. सच्चर समितीने २००६ सालीच आपल्या अहवालात लिहून ठेवलं होतं की मुस्लिमांना घर विकत घेताना आणि भाड्याने घेताना अडचण येते. वीस वर्षं होत आली. समितीने सुचवलेला समान संधी आयोग अजून जन्माला यायचा आहे.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात खुल्या सभासदत्वाचं कलम आहे, पुरेसं कारण नसताना पात्र माणसाला सभासदत्व नाकारता येत नाही. २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची परवानगी लागत नाही, फक्त कळवायचं असतं. एजंट ‘सोसायटीवाले ऐकत नाहीत’ म्हणतो तेव्हा सोसायटीकडे न ऐकण्याचा अधिकारच नसतो, हे त्याला माहीत नसतं किंवा माहीत असून सोयीचं असतं. दुसऱ्या बाजूला २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व एका समाजापुरतं ठेवायला मान्यता दिली. आणि संविधानाचं पंधरावं कलम धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतं ते राज्यसंस्थेला, दुकानं-हॉटेलं-सार्वजनिक जागांबाबत नागरिकांनाही. पण फ्लॅटमालकाने फोनवर ‘मालकांना विचारून सांगतो’ म्हणणं कुठल्या कलमात बसवणार?

मग भाच्याने नवा हिशेब मांडला. पुण्यात राहायचं ते कोंढव्याला. कोंढव्यात घर मिळेल, मशीद जवळ, डबा मनासारखा. ऑफिस हिंजवडीला. मध्ये पंचवीस-तीस किलोमीटर आणि पुण्याचा ट्रॅफिक. जाऊन-येऊन रोजचे तीन-साडेतीन तास. महिन्याचे बावीस दिवस धरले तर सत्तरच्या आसपास तास. वाकडला राहणारा त्याचा रूममेट त्या वेळात नवी भाषा शिकेल, परीक्षा देईल, झोपेल तरी. हा बाइकवर धूर खाईल. या तासांना तक्त्यात रकाना नव्हता. ‘प्रवास’ म्हणून पेट्रोलचे पैसे होते तेवढेच.

यावर ग्रुपवरच्या मामूंना आनंद झाला. ‘बोला था ना? हैदराबाद जा.’ आता मला त्यांच्याशी भांडायचं आहे आणि हे भांडण मला पुण्यातल्या मित्राशी भांडण्यापेक्षा जास्त जरुरीचं वाटतं.

हैदराबादचं आमच्या भागावर गारूड आहे, ते उगाच नाही. राजुरा तालुका, ज्यात तेव्हा आमचा भाग होता, निजामाच्या राज्यात आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत तो नांदेड जिल्ह्याला जोडला आणि १९५९ साली चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर जिल्ह्यात आला. माझे दादा कोर्टाच्या कामाला हैदराबादला जायचे. घरात अजून उर्दूतले जमिनीचे कागद आहेत, जे घरातल्या कुणालाच वाचता येत नाहीत आणि जे कुणी टाकूनही देत नाही. बल्लारपूरला गाडीत बसलं की सुमारे साडेतीनशे किलोमीटरवर सिकंदराबाद. पुणे आम्हाला त्याच्या दुपटीहून लांब. कोरपन्यातून एका बाजूला आदिलाबादचा रस्ता जातो, दुसऱ्या बाजूला गडचांदूर, राजुरा करत चंद्रपूरचा. आमच्या बायकांची लग्नाची खरेदी चारमिनारला, पुरुषांचं मोठं ऑपरेशन हैदराबादला, आणि स्वप्नंही तिकडचीच.

आणि भाच्याच्या कामाच्या दृष्टीनेही हैदराबाद सोयीचं आहे, ते मी नाकारत नाही. टोलीचौकी, मेहदीपट्टणम हा मुस्लिम वस्तीचा भाग गच्चीबावलीपासून आठ-दहा किलोमीटरवर. घर मिळतं, नाव सांगितलं की शांतता पसरत नाही. दखनी बोललं की काम होतं.

पण मामूंच्या डोक्यात असलेलं हैदराबाद आणि भाच्याला मिळणारं हैदराबाद एक नाही. तिथे गच्चीबावलीत, कोंडापूरला फ्लॅट शोधून बघा. आमच्याच ओळखीतल्या एका मुलाने शोधला. ‘फक्त शाकाहारी’ ही पाटी तिथेही आहे, तिचा अर्थ तिथेही सगळ्यांना कळतो. तो शेवटी टोलीचौकीलाच आला. मग पुण्यातला कोंढवा आणि हैदराबादची टोलीचौकी यांत फरक काय? अंतराचा. टोलीचौकी ऑफिसला जवळ पडते इतकाच. हा नशिबाचा भाग, शहराच्या मोठ्या मनाचा नाही. आणि जुन्या शहराचं काय? हैदराबादची मेट्रो २०१७ साली सुरू झाली. हायटेक सिटीपर्यंत गेली, विमानतळाच्या बाता चालू आहेत. पण जेबीएसहून येणारी गाडी एमजीबीएसला थांबते. फलकनुमापर्यंतचा तुकडा पहिल्या आराखड्यात असूनही तेव्हा झालाच नाही. चारमिनारच्या आसपास राहणारा मुस्लिम कारागीर हायटेक सिटीत जायचं तर आधी बसने किंवा रिक्षाने मेट्रोपर्यंत पोहोचतो. जे शहर ‘अपना’ म्हणून आपण मिरवतो, त्याने आपल्या ‘अपन्या’ भागालाच शेवटी ठेवलं आहे.

दुसरी गोष्ट कागदांची. तेलंगणात महिलांना सरकारी बसचा प्रवास डिसेंबर २०२३ पासून मोफत आहे, पण तेलंगणाचं ओळखपत्र असेल तर. माझी आपा गडचांदूरहून चंद्रपूरला एसटीने जाते तेव्हा २०२३ च्या मार्चपासून तिला अर्धं तिकीट लागतं. तीच आपा मुलाला भेटायला हैदराबादला गेली की तिथल्या बसमध्ये पूर्ण तिकीट काढेल आणि शेजारची बाई फुकट बसलेली असेल. आरोग्यश्री योजना दहा लाखांपर्यंत नेली, ती तिथल्या कार्डधारकांसाठी. अल्पसंख्याक निवासी शाळा तिथल्या मुलांसाठी. तिथे शिक्षण-नोकरीत मुस्लिमांमधल्या मागास गटांना चार टक्के आरक्षण आहे, तेही तिथल्या रहिवाशांना. आपल्याकडे २०१४ साली पाच टक्क्यांचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शिक्षणापुरता तो चालू ठेवायला हरकत घेतली नाही, आणि नव्या सरकारने त्याचा कायदाच केला नाही. भाचा हैदराबादला गेला तर या सगळ्यापैकी त्याला काही मिळणार नाही. तो तिथे कर भरणारा परप्रांतीय असेल. इथल्या यादीतून हळूहळू पुसला जाईल आणि तिथल्या यादीत यायला वर्षं जातील.

ज्यांना हे खरं ताडून बघायचं असेल त्यांनी पुणे-हैदराबाद करू नये. आमच्या शेजारच्या जिवती तालुक्यात जावं. माणिकगडच्या डोंगरात १४ गावं अशी आहेत ज्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात. मुकदमगुडा, परमडोली, अंतापूर, महाराजगुडा. बरीचशी वस्ती मराठवाड्यातून दुष्काळात आलेल्या माणसांची. मतदार यादीत दोन्हीकडे नाव, रेशनकार्ड दोन राज्यांची, शाळा दोन भाषांच्या. तिथल्या म्हाताऱ्याला तुलना करायला वेबसाइट लागत नाही. तिकडची पेन्शन २,०१६ रुपये, इकडची संजय गांधी-श्रावणबाळची १,५००. तो दारात उभा राहून सांगू शकतो कुणाची वीज येते, कुणाची जाते. २०२५ च्या जुलैमध्ये ही गावं महाराष्ट्रातच घेणार असं आपल्या सरकारने जाहीर केलं. घेणं ठीक. पण तिथे तीस-चाळीस वर्षं दोन राज्यांनी एकमेकांशी स्पर्धा करत सवलती दिल्या, हे मला विसरता येत नाही. माणूस दोघांनाही हवा होता, म्हणून दोघांनी दिलं. कोरपन्यातल्या माणसासाठी अशी ओढाताण कुणी केली नाही. आम्ही निर्विवाद महाराष्ट्राचे आहोत, त्यामुळे आमच्याकडे कुणाचं लक्ष नाही.

भाच्याच्या तक्त्यात तिसरा रकाना नव्हता. कोरपना. मी विचारलं, ‘घरी राहिलास तर किती खर्च येईल?’ तो हसला. ‘मामू, घरी राहून करू काय?’

बरोबर आहे त्याचं. पण हसू नये. सरकारही शहरांची तुलना करतं. घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग आहेत, एक्स, वाय, झेड. पुणे आणि हैदराबाद दोन्ही एक्स. कोरपना, राजुरा, चंद्रपूर सगळे झेड. एक्सच्या कर्मचाऱ्याला जितके टक्के भत्ता, झेडच्या कर्मचाऱ्याला त्याच्या एक तृतीयांश. म्हणजे सरकारी हिशेबाने आमच्याकडे राहणं पुण्याच्या एक तृतीयांश खर्चाचं. मग आमच्या गावात नेमणूक झालेले शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी कोरपन्यात का राहत नाहीत? मुख्यालयी राहण्याचा नियम आहे. तरी बहुतेक जण राजुऱ्याहून, चंद्रपूरहून अपडाउन करतात. स्वस्त गाव सोडून महाग गावात भाडं भरतात, वर रोजचं पेट्रोल जाळतात. वेडे नाहीत ते. रात्री बारा वाजता मुलाला फिट आली तर दवाखाना कुठे, मुलीला दहावीनंतर विज्ञानाला कुठे घालायचं, हा हिशेब ते करतात. आमच्याकडचं भाडं कमी आहे कारण बाकी काही नाही. ज्याला तक्ता ‘बचत’ म्हणतो तो दवाखान्याच्या नसण्याचा भाव आहे. आपाच्या शेजारच्या बाईला बाळंतपणात चंद्रपूरला, तिथून नागपूरला पाठवलं. चंद्रपूर-नागपूर दीडशे किलोमीटर. गाडीभाडं, नागपुरात नातेवाइकांच्या उंबऱ्यावर काढलेले दिवस, बुडालेली मजुरी. हे सगळं कोरपन्याच्या महागाईत धरा आणि मग सांगा झेड वर्ग कुठला.

पुण्यातल्या मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, ‘पण गावाकडे हवा तरी चांगली.’ मला रडावं की हसावं कळेना. आमच्या एका तालुक्यात चार सिमेंट कारखाने आहेत. गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा. चुनखडीच्या खाणी, पलीकडे राजुरा-वणीकडे कोळशाच्या खाणी. चंद्रपूरला २,९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक भागांचं प्रदूषण मोजलं तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ गुण पडले, देशात चौथा नंबर. नव्या उद्योगांना काही काळ बंदी घातली होती. आपाच्या अंगणात वाळत घातलेली ओढणी संध्याकाळी झटकून घ्यावी लागते. तुळशीची, मेंदीची पानं पांढरट. लग्नानंतर इथे आल्यापासून ती हे करते आहे.

पुण्यातला वाकडचा टॉवर आणि हैदराबादचा गच्चीबावलीचा टॉवर, दोन्हींत सिमेंट ओतलं गेलं तेव्हा त्यातला काही भाग आमच्या टेकड्यांचा असणार. ट्रक कुठे जातात ते आम्ही रोज बघतो, दक्षिणेकडेही आणि पश्चिमेकडेही. डोंगर इकडचा, वीज इकडची, धूळ इकडे राहिली. आणि त्या टॉवरमधल्या घराचं दार आमच्या पोराला उघडत नाही. एका शहरात नावामुळे, दुसऱ्यात त्याला त्याच्या वस्तीत पाठवून. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. मला फक्त एवढं विचारायचं आहे की शहरं ‘स्वस्त’ आणि ‘महाग’ ठरवताना त्या शहरांची किंमत आधीच कोण भरून बसलंय, याचा रकाना कुणी करणार की नाही?

आता आपल्या लोकांशी चार शब्द. महाराष्ट्रातले सत्तर टक्क्यांहून जास्त मुस्लिम शहरांत राहतात. राज्याच्या एकूण लोकसंख्येपैकी शहरात राहतात निम्म्याहून कमी. म्हणजे शहर हे आपलंच जास्त घर आहे. तरी आपण शहराशी भांडत नाही. कोंढवा, मुंब्रा, टोलीचौकी सापडली की अल्हम्दुलिल्लाह म्हणतो आणि दार लावून घेतो. मग तिथलेच बिल्डर, आपलेच, अरुंद गल्लीत सहा मजले चढवतात, पाण्याचा टँकर विकत घ्यायला लावतात, कागद अपुरे असतात आणि बँक कर्ज देत नाही. तेव्हा डिपॉझिट जास्त मागणारा मालकही आपलाच असतो. त्याला ठाऊक आहे की या मुलाला वाकडला कुणी घर देत नाही. दुसऱ्याने दार बंद केलं त्याचा नफा तो खातो. याबद्दल जुम्म्याच्या खुतब्यात मी कधी ऐकलं नाही. ‘हैदराबाद अपना शहर है’ म्हणणाऱ्या मामूंना मी विचारतो, पुणे का नाही? आपण पुण्यातल्या कॅम्पात, मोमीनपुऱ्यात कितीतरी पिढ्यांपासून आहोत. भाच्याने शाळेत मराठीत कविता पाठ केल्या, मराठीत नापास झाला, मराठीत प्रेमपत्र लिहिलं (आपाला सापडलं, तो वेगळा किस्सा). त्याने हैदराबादला जाऊन मराठी पुस्तक शोधायचं असेल तर तिथे १९२२ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, विवेक वर्धिनीसारखी जुनी मराठी शाळा आहे. छान आहे. पण तो हैदराबादला मराठी म्हणून आनंदाने जावा, पुण्यातून मुस्लिम म्हणून हाकलला गेलेला म्हणून नव्हे. या दोन जाण्यांत फरक आहे आणि तो ३,९०० रुपयांत बसत नाही.

मी त्याला पुण्याला जा म्हणालो नाही. हैदराबादला जाऊ नको असंही नाही. मामाला सल्ला देणं सोपं असतं, सत्तर तास बाइकवर तो बसणार आहे. मी एवढंच म्हटलं की तक्ता पुन्हा कर. प्रवासाचे तास टाक. घर मिळेपर्यंतचे फोन टाक. किती डिपॉझिट मागितलं आणि रूममेटला किती मागितलं, दोन्ही टाक. अम्मीचे गुडघे दुखतात, तिला चंद्रपूरहून कुठल्या शहरात नेऊन दाखवायला किती पडेल, ते टाक. सरकारी योजना कुठली चालेल, कुठली नाही, टाक. आणि मग तो तक्ता तुझ्या कंपनीच्या एचआरलाही पाठव, कारण ‘शहर तुम्ही निवडा’ असं म्हणणाऱ्याला कळू दे की सगळ्यांपुढे दोन शहरं सारखी ठेवलेली नाहीत. कंपनी घरभाड्याच्या पावत्या मागते. नकाराच्या पावत्याही मागाव्यात.

भाच्याने तो तक्ता दोन दिवसांनी परत पाठवला. यावेळी सोळा ओळी होत्या. पुण्याच्या रकान्यात ‘फोन’ या ओळीत त्याने २३ लिहिलं होतं, हैदराबादच्या रकान्यात ४. ‘मराठीत बोलता येईल’ अशीही एक ओळ त्याने स्वतःहून घातली होती आणि तिच्यापुढे रुपयांचा आकडा टाकायचा प्रयत्न करून खोडला होता. सगळ्यात खाली ‘अम्मी-अब्बू येऊन राहू शकतील का’. पुण्यापुढे ‘कोंढव्यात हो’. हैदराबादपुढे ‘टोलीचौकीत हो’. आपाने ग्रुपवर पहिल्यांदाच काही लिहिलं. तिने विचारलं, दोन्हीकडे पाणी रोज येतं का. कुणालाच माहीत नव्हतं. भाचा आता ते विचारतोय.